माझी डावी बाजू

मी एक जुना लाकडी स्टँड आहे, दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचा. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी मुख्याध्यापिका आमच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या की व्हर्ना बाई पहाटे गेल्या. मुलं माझ्याकडे बघत राहिली. बाईंच्या टेबलावर तेवढा मीच होतो.

मित्रांनो, मी आधी पाळण्याचा कठडा होतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, आमच्या खाडीत गिडियन होड्या बांधतो. लेकीसाठी, मार्लिससाठी, त्याने बर्च झाडाच्या लाकडाचा पाळणा केला होता. ती त्यात मावेनाशी झाली तेव्हा त्याच लाकडातून त्याने बायकोसाठी, म्हणजे व्हर्ना बाईंसाठी, मला घडवलं. घाईत माझी डावी बाजू बोटभर खाली राहिली. तो दुरुस्त करायला बसला, तर व्हर्ना बाई म्हणाल्या, "राहू दे, गिड. आईबापांनी जरा वाकलेलंच बरं."

तेव्हापासून वर्गात बाई माझ्या डावीकडे आईबापांची कविता लावत आणि उजवीकडे लेकरांची. एकदा डावीकडच्या कवितेतल्या आईने लेकासाठी विणलेले हातमोजे मोजले होते. उजवीकडच्या मुलाला मात्र ती धक्क्यावर निरोपाला आली नाही, एवढंच आठवत होतं. मागच्या बाकावरची बेथनी म्हणाली, "मिस, ही दोघं नक्की एकाच घरात राहायची ना?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आज घरी जाऊन बघ आणि उद्या मला सांग."

माझं कौतुक झालं, माझ्यावर शाई सांडली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खिडकीत धूळ खात पडलो. पण दर नोव्हेंबरात एक तास ठरलेला असे. उजवीकडे वहीचं एक निनावी पान, डावीकडे काहीच नाही. डावीकडची कविता कुठे, असं मुलं विचारत. यायची आहे, असं बाई सांगत.

त्या संध्याकाळी ते पान काढून बाई मला घरी नेत आणि गिडियनकडे लेकीसाठी चार ओळी मागत. तो म्हणे, "मी होड्या बांधतो गं. कविता मला कुठली?" का मागते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मार्लिसला तसा शब्द दिला होता.

दफन झाल्यावर गिडियन मला न्यायला शाळेत आला. बाईंनी यंदाच्या तासासाठी उजवीकडे लावलेलं ते निनावी पान काढायला गेला आणि अक्षर ओळखून थांबला. पंधरा वर्षांच्या मार्लिसने लिहिलं होतं, 'बाबा फळीवर हात फिरवून विचारतो, तुला कुठे ताण पडतोय का? एखादा दिवस मी फळी झाले तर?'

दफनाला आलेली मार्लिस आदल्याच दिवशी दूर देशाच्या पश्चिमेला, अल्बर्टाला परतली होती. विमान किती वाजता, यापलीकडे बापलेकीत बोलणं झालं नव्हतं.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. रोज चहा झाला की गिडियन सुतारकामाची पेन्सिल घेऊन समोर बसतो. एकदा रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "मला निदान सांगायचंस तरी, व्हर्ना."

मित्रांनो, मला पॉलिश नको, माझी धूळही नका पुसू. पण घरातलं कोणी तुमच्याकडे चार ओळी मागत असेल, तर वेड्यावाकड्या का होईना, लिहून द्या. माणूस मागतोय तोवर द्या.

मार्लिस जुलैत येणार आहे. तिचं पान उजवीकडे आहे. डावीकडे गिडियनने कोरा कागद लावला, त्यावर तिचं नाव लिहिलं. पुढच्या ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.