चार मडक्यांची ओल

"अहो, फ्यूज द्या मुकाट्यानं! घेवड्यानं माना टाकल्यात."

बायकोनं हात पुढे करताच तात्यांनी खिसा घट्ट धरला. "आठ दिवस मोटर बंद म्हणजे बंद. शब्द दिलाय मी."

शब्द दिला होता जमिनीच्या पोटात काय आहे ते मोजायला आलेल्या मापणीवाल्या बाईंना. त्यांनी घेवड्याच्या वावरात चार दिशांना चार मडकी पुरली, तारा ओढल्या आणि मधोमध एक पेटी ठेवली. "काका, वीज आम्ही सोडत नाही," त्यांनी समजावलं होतं. "सूर्याकडून, लांबच्या वादळांतून लहरी येतात, त्या जमिनीत खोल उतरतात. खाली ओल असली की वीज सहज वाहते, तेवढं पेटी टिपते. तुमची मोटर चालली तर तिचाच गोंगाट नोंदला जाईल. आणि हो, मडक्यांभोवतीची माती सुकू देऊ नका."

एवढ्या सगळ्यातून तात्यांनी ओल तेवढी उचलली. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती, मग त्यांना दुसरं काय ऐकू येणार?

आणि तमाशा सुरू झाला. नवरा विहिरीतून घागर शेंदतोय, सुकत्या वेलांमधून लगबगीनं जातोय आणि पाणी पुरलेल्या मडक्यावर ओततोय, हे बायको रोज बांधावरून बघत होती.

"अहो, वेलांना घाला की!"

"घेवडा पुढच्या वर्षीही येईल. पाणी लागलं तर जन्माचं लागेल."

नवव्या दिवशी बाई आल्या. पेटीतली नोंद बघून त्यांचा चेहरा खुलला. "काका, इतकी स्वच्छ नोंद आम्हाला कुठेच मिळाली नाही! खाली ओल आहे, भरपूर."

तात्यांनी बायकोकडे अशा काही तोऱ्यात बघितलं की विचारू नका. "किती खोल?"

"तीसेक किलोमीटर. खारट पाणी असावं, खडकांच्या फटींत."

तात्यांनी विहिरीकडे बघितलं. त्यांच्या घागरीचा दोर साठ हातांचा होता. त्यांना रडू फुटत होतं आणि परक्या बाईसमोर रडायची लाजही वाटत होती.

बायको टोपली घेऊन वावरात गेली. सगळा घेवडा वाळून कुरकुरीत झाला होता. फक्त चार मडक्यांभोवती चार हिरवीगार आळी होती, शेंगांनी लगडलेली. तिनं तेवढ्या खुडल्या आणि बाईंच्या ओंजळीत मूठभर घातल्या.

"घ्या. तुमच्या यंत्राचं पीक."

मग तिनं नवऱ्यापुढे हात पसरला. "आता तरी द्या तो फ्यूज."