एका दमात दहा नावं

पुरीम या आम्हा ज्यूंच्या सणाला आमच्या सभास्थानात एस्तेरची पोथी मी वाचतो. त्यात दुष्ट हामानाच्या दहा मुलांची नावं येतात आणि ती एका दमात म्हणायची, अशी आमची रीत आहे. दहावं नाव झालं की मी मुद्दाम जरा थांबतो, लोकांनी माझ्या फुप्फुसांकडे कौतुकाने बघावं म्हणून. लोक बहुतेक घड्याळाकडे बघत असतात.

त्या वर्षी पुरीम उरकला आणि पाठोपाठ कोरोनाच्या साथीने मँचेस्टरला कुलूप लावलं.

माझी दुसरी कीर्ती म्हणजे आमच्या मदत मंडळाची अन्नाची खोकी. अडल्यानडल्यांच्या दारात मी वर्षानुवर्षं खोकी पोचवली. खोकं ठेवायचं, बेल वाजवायची आणि दार उघडायच्या आत पळायचं, म्हणजे घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. या गुपचूप पळण्याचा मला इतका अभिमान होता, की मी पळताना कुणी बघतंय ना, हे वळून बघायचो.

तर एके दिवशी माझीच बेल वाजली. दारात खोकं. वर नाव : लायनेल प्रॅगर. आत सूपचा डबा, बटाटे, बेखमीर पोळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोक्यावर ‘चुकीचा पत्ता’ असं लिहून मी ते पायरीवर परत ठेवलं आणि मंडळातल्या शोशीला फोन लावला. ती माझ्या मित्राची मुलगी, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेली.

“शोशी, मी काय भिकेला लागलोय?”

“काका, सत्तरी उलटलेल्यांनी घराबाहेर पडायचं नाही. तुम्ही एकटे असता. सगळ्यांनाच देतोय.”

“मी देणाऱ्यांतला आहे! मला काम दे, सूप नको.”

दोन दिवसांनी तिचा फोन आला. “काका, एक रेनी झुसमन म्हणून बाई आहेत. एकट्या असतात, वॉकर घेऊन चालतात. रोज त्यांची विचारपूस कराल?”

“आता कशी बोललीस!” मी म्हणालो.

रोज दुपारी मी रेनीबाईंना फोन करू लागलो. आवाजात आधी थोडी करुणा घोळवून घ्यायचो. पण बाई भलत्याच खणखणीत होत्या. आमच्या सभास्थानात बायकांच्या सज्जात त्या चाळीस वर्षं बसत होत्या म्हणे आणि मला कधी दिसल्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “तुम्ही ती दहा नावं फार छान म्हणता. म्हणा ना एकदा.”

मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शिवाय रोज सांगायच्या, “मोठं पातेलंभर सूप ठेवलंय गॅसवर.” एकट्या बाईला पातेलंभर सूप! मी शोशीला हळूच कळवलं, “बिचारीला विसर पडायला लागलाय गं. रोज तेच ऐकायचं असतं आणि स्वयंपाक करते अख्ख्या गल्लीचा.”

“हो का काका?” शोशी म्हणाली. “तुम्ही म्हणत राहा नावं.”

वल्हांडण सणाच्या आधीचा शुक्रवार. मला दोन दिवस जरा कणकण होती, पण देणाऱ्या माणसाला कणकण शोभत नाही, म्हणून मी तिला दाद दिली नव्हती. बाईंनी फर्माईश केली. मी सुरू केलं : पर्शनदाथा, दल्फोन, अस्पाथा, पोराथा, अदल्या... आणि दम संपला.

“घसा कोरडा पडलाय,” मी म्हणालो.

“घसा नाही तो. डॉक्टरला फोन करा, लायनेल. आत्ता.”

“अहो बाई, इथे काळजी कुणी कुणाची घ्यायची? मदत मी करतोय की तुम्ही?”

“तुम्ही करताय, बाबा. डॉक्टरला फोन करा.”

मी रागाने फोन ठेवला. सूर्य मावळला आणि शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, लागला.

शब्बाथला आम्ही फोनला हात लावत नाही. कुणाचा जीव जात असेल तर मात्र लावायचा, तेव्हा न लावणं हेच पाप. सकाळी आरामखुर्चीत धापा टाकत मी विचार केला, काल बाईंचा आवाज कापत होता. एकटी बाई, रागाच्या भरात पडलीबिडली तर? एक जीव माझ्यावर अवलंबून आहे! आजारपणातही माणसाला मोठेपणा सुचतो तो असा. मी फोन लावला.

रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला, तर लाइन एंगेज. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : बाई जमिनीवर, रिसीव्हर लोंबकळतोय. मी आमच्या समाजाच्या रुग्णवाहिकेला फोन केला.

“मिसेस... झुसमन... पडल्यात,” मी म्हणालो.

“त्यांच्याशीच बोलून आत्ता फोन ठेवला,” पलीकडचा माणूस म्हणाला. “तुम्ही लायनेल प्रॅगर ना? दार उघडून बसा. गाडी कोपऱ्यावर आलीय.”

बाई वॉकर घेऊन फोनपाशी पोचेपर्यंत माझी रिंग थांबली होती. त्यांनी हिशेब केला : शब्बाथला फोन वाजतो म्हणजे कुणीतरी मरतंय. आपण तर धडधाकट आहोत. म्हणजे मरतोय तो लायनेल.

हिशेब अगदी बरोबर होता. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितल्यावर रुग्णवाहिकेतल्या माणसाने मला एक शब्दही बोलू दिला नाही. मला तेव्हा भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. वल्हांडण मी इस्पितळात काढला, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून. भेटायला कुणाला परवानगी नव्हती. बोलता यायला लागल्यावर शोशीचा फोन आला.

“शोशी, मला आधी सांग, रेनीबाई माझ्या वाट्याला आल्या कशा?”

“त्या नाही, काका. तुम्ही त्यांच्या वाट्याला आला होता. तुम्ही मदत घेईनात. मग त्याच म्हणाल्या, ‘त्याला सांग मी फार एकटी आहे, म्हणजे करेल फोन.’ फोन करणाऱ्या सगळ्यांना आम्ही सांगितलं होतं, समोरच्याचा श्वास ऐका. त्यासाठी त्यांनी तुमची दहा नावं काढली.”

मुखवटा होता म्हणून बरं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

घरी आलो त्याच आठवड्यात बेल वाजली. खिडकीतून बघितलं तर एक गृहस्थ फाटकाकडे पळत होते. पळता पळता त्यांनी वळून बघितलं. मी चटकन पडद्याआड झालो. मग खोकं आत घेतलं, सूप गरम केलं आणि बसलो. तेवढ्यात फोन वाजला.

“म्हणा,” रेनीबाई म्हणाल्या.

चौथ्या नावाला दम संपला. त्यांनी विचारलं, “सूप आलं?”

“आलं. पितोय. पण मीठ कमी आहे हो. मंडळाचा स्वयंपाक पहिल्यासारखा राहिला नाही.”

“मीच करते ते,” बाई म्हणाल्या. “पहिल्या खोक्यातलंही माझंच होतं. ‘चुकीचा पत्ता’ म्हणून परत आलं. टाकवेना, म्हणून एकटीच पीत बसले.”

मी चमचा पुन्हा भरला आणि तिकडे नीट ऐकू जाईल असा मोठा भुरका मारला.