ओटी भरून विकलेलं घर

श्रीरंगचे या सौद्यात साडेअठरा हजार युरो वाचणार होते. दलालाची फी. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये पाच लाख वीस हजारांचं जुनं घर दलालाशिवाय मिळणं म्हणजे लॉटरी, आणि ती लागली मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला, श्रीखंडाच्या रांगेत. मंडळातले जुने राजाभाऊ म्हणाले, "घराचे जिने झेपत नाहीत रे आता. बाहेरच्याला कशाला? आपल्या माणसाला देतो." जसं काही फुकटच देत होते!

घर बघितलं जूनमध्ये. घामाच्या धारा, हीटिंग बंद. श्रीरंग पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. तळघराच्या दाराशी त्याने तोंड उघडलं, "काका, बॉयलरच्या तपासणीचे कागद..." तेवढ्यात वरून राजाभाऊंच्या बायकोची, कुंदाकाकूंची हाक आली. स्वयंपाकघरात पाट मांडलेला होता. सोन्याच्या पाटल्यांच्या हातांनी काकूंनी वसुधाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. "लेकीला घर देतेय असं वाटतंय गं," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

आता भरल्या ओटीने कागद कसे मागायचे? वसुधानेच नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं.

नोटरीने करार मोठ्याने वाचला: घर आहे तसं विकलं, कुठलाही लपलेला दोष विकणाऱ्याला ठाऊक नाही. राजाभाऊंनी झोकात सही केली.

ऑक्टोबरात हीटिंग लावलं आणि तिसऱ्याच दिवशी धुराड्यांची तपासणी करणारा माणूस फेरीला आला. त्याने बॉयलरवरची रुपेरी चिकटपट्टी सोलली. आत बोटभर तडा.

"हा अजून चालू? फेब्रुवारीतच लेखी दिलं होतं मी. थंडीच्या आत बदला, नाहीतर विषारी धूर घरात शिरेल."

त्याने बॉयलर जागीच बंद केला. नवी यंत्रणा बत्तीस हजारांची, तीही सहा आठवड्यांनी. पाच वर्षांची लेक निधी जॅकेट घालून जेवायला बसायची आणि जर्मनमध्ये विचारायची, आपल्या फ्लॅटमध्ये परत कधी जायचं?

वसुधा फेब्रुवारीच्या त्या अहवालाची प्रत घेऊन राजाभाऊंच्या नव्या फ्लॅटवर गेली. मागे श्रीरंग, बूट काढण्यात जास्तच वेळ घेत. जमीन पायाखाली उबदार. राजाभाऊ अर्ध्या बाह्यांत, अनवाणी.

"अगं, जुनं घर म्हटलं की खर्च आलाच. आहे तसं घेतलंत ना? गेनाऊ, अगदी तसंच लिहिलंय."

"काका, या कागदावर तुमचं नाव आहे. पाडव्याच्या आधीची तारीख आहे. माझी पोरगी त्या घरात झोपते!"

"श्रीरंग, समजव रे हिला. आपल्याआपल्यात कागद कसले काढता?"

श्रीरंग म्हणाला, "तसं नाही काका, म्हणजे..."

"तू गप्प बस," वसुधा म्हणाली. "जूनमध्ये बोलायचं होतं, तेव्हा मीच तुला गप्प केलं. आता मी बोलते. पैसे द्या, नाहीतर वकिलाचं पत्र येईल."

"साक्षीदार कोण? मला तो कागद मिळालाच नाही."

दारात चहाचा ट्रे घेऊन कुंदाकाकू उभ्या होत्या. "अहो, मिळाला होता. मीच पाकीट फोडलं. पोरांना सांगा म्हणाले मी, सांगा म्हणाले, तुम्ही ऐकलं नाहीत. मला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पोरीची ओटी भरली."

वसुधाने पर्समधून तो खण काढला, चहाच्या ट्रेवर ठेवला आणि ती निघाली. चहा कोणीच घेतला नाही.

वकिलाचं एकच पत्र पुरलं. राजाभाऊंनी पंचवीस हजार दिले, वर मंडळात सांगितलं, "मनाचा मोठेपणा दाखवला." श्रीरंगचे सात हजार गेले, वकिलाचे दोन हजार वेगळे. तरी दलालीतले साडेनऊ उरले, असं तो अजून म्हणतो. फक्त वसुधासमोर नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या. वसुधाने कुंकू लावलं, वाण दिलं, आणि तिला मोकळी मनगटं दिसली.

"पाटल्या कुठे काकू?"

"विकल्या. बाकीचं सोनंही. हे म्हणाले, तू बोललीस, तू भर."

म्हणजे बत्तीस हजारांपैकी सात श्रीरंग-वसुधाचे, पंचवीस कुंदाकाकूंचे. राजाभाऊंचे शून्य.