हरकत क्रमांक तेवीस

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हरणखोरी नगरपंचायतीच्या सभागृहात हरकत क्रमांक तेवीस पुकारली गेली. हरकतदाराचं नाव रामकिसन धुळाजी घुले. उभी राहिली त्याची बायको, केसरबाई.

विषय महिला दूध संस्थेच्या जागेचा होता. संस्था बंद पडून अवसायनात निघाल्याला सहा वर्षं झाली होती. तेलगाव रस्त्याला लागून तिची सव्वा एकर जागा, विकास आराखड्यात दूध संकलनासाठी राखीव. आरक्षण उठवून तिथे खाली बेचाळीस गाळे आणि वर तीन मजले सदनिका बांधायचा प्रस्ताव आला होता. त्यावर महिनाभर हरकती घेतल्या गेल्या. त्या ऐकायला नियोजन समिती बसली होती.

जागेच्या कोपऱ्यात संस्थेची विहीर आहे. नकाशात त्या जागी गाड्यांचा तळ दाखवलेला होता आणि बारीक अक्षरात ‘बुजवलेली विहीर’ असं लिहिलेलं होतं.

विहीर बुजवलेली नव्हती. आदल्या ऑगस्टनंतर पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. टँकर आठव्या दिवशी यायचा आणि दीड किलोमीटरवरच्या फाट्यावर थांबायचा. जागेमागची वस्ती याच विहिरीवर जगत होती. केसरबाईची सासू दगडाबाई, वय बहात्तर, दोन नातवंडांना सांभाळत रोज सहा कळशा तिथून आणायची. घरापासून विहीर दोनशे पावलांवर. फाट्यापर्यंत जाणं तिच्याने होणार नव्हतं. विहीर गेली तर म्हातारीला आणि पोरांना गावात ठेवून उसाला जाता येणार नाही, हे केसरबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती सांगलीकडच्या फडातून निघून, दोन एसट्या बदलून, साडेनऊला पोचली होती. पिशवीत संस्थेचा, तिच्याच नावाचा भाग दाखला होता. सभासद क्रमांक सतरा.

समितीचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी कागदावरून नजर वर केली.

“रामकिसन तुमीच का, मावशी?”

मागे दोघे-तिघे हसले.

“अर्धा हाय,” केसरबाई म्हणाली. “दुसरा अर्धा फडात हाय.”

आता हसू मोठं झालं. अर्जुनरावही हसले. मग त्यांनी नियम सांगितला. ज्याची हरकत त्यानेच बोलायचं, नाहीतर त्याचं अधिकारपत्र पाहिजे. अधिकारपत्र तिच्याकडे नव्हतं. तिने भाग दाखला काढून टेबलावर ठेवला. लिपिक गहिनीनाथ यांनी तो वाचला आणि परत दिला. दाखला खरा होता, पण सभासद क्रमांक सतराची हरकतच नव्हती. अठ्ठावन्न सभासद बायकांपैकी एकीचीही नव्हती.

चूक त्यांच्या ऊसतोड टोळीचा मुकादम शहादेव याची होती, पण त्याच्या मनात खोट नव्हती. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कारखान्याला द्यायच्या यादीत कोयत्यापुढे नवऱ्याचं नाव लिहितात. शहादेवने बावीस वर्षं अशाच याद्या केल्या होत्या. नोटीस लागल्याचं कळलं तेव्हा त्याने खोपीखोपीतून फिरून छप्पन्न हरकती गोळा केल्या, त्याही तशाच. छप्पन्न कोयते, छप्पन्न पुरुष. केसरबाईने रामकिसनला सही करताना पाहिलं होतं. आपलं नाव नाही, हे तेव्हा तिलाही खटकलं नव्हतं.

पुढची हरकत पुकारली गेली. गैरहजर. त्याच्या पुढची, गैरहजर. केसरबाई खाली बसेना. दोन नावांच्या मधे ती बोलायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात तिसरं नाव यायचं. शेवटी ती व्हरांड्यात गेली आणि तिने शहादेवला फोन लावला. तो म्हणाला, कोयता लिहिला म्हणजे दोघं आलेच की.

“फडात आले असतील. हितं एकच आलाय, आन् तो पण न्हाई आला.”

 शहादेवने मग विचारलं, अधिकारपत्र मोबाइलवर फोटो काढून पाठवलं तर चालेल का. तिने आत येऊन गहिनीनाथांना विचारलं. मूळ सहीचा कागद लागेल, ते म्हणाले. स्वतःच्या नावाने नवीन हरकत देता येईल का? मुदत ३१ जानेवारीला संपली होती.

सव्वाबाराला छप्पन्नावी हरकत झाली. समिती उठायच्या बेतात होती. केसरबाई दारातच उभी होती. ती बाजूला झाली नाही.

“अर्जुनराव, माझं ऐकू नका. पण हिरीत पाणी हाय का न्हाई, एवढं तर बघसाल? चला आत्ताच. धा मिंटाचं काम हाय.”

प्रस्तावाच्या वास्तुविशारदाने नकाशा जुन्या मोजणीवरून केल्याचं सांगितलं. ती मोजणी कधीची, हे मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. त्याने कागद चाळले, पण सांगता आलं नाही. अर्जुनरावांनी घड्याळ बघितलं आणि गुरुवारी सकाळी दहाला स्थळपाहणी ठेवली.

बुधवारी रामकिसनचे चार फोन आले. तो एकटाच तोडत होता, मोळ्या बांधायला माणूस नव्हतं. टोळीतले बाकीचे का म्हणून थांबतील? चौथ्या फोनला केसरबाईने, उद्याचा दिवस काढा, एवढंच सांगितलं.

गुरुवारी ती नऊपासून विहिरीवर होती. दहाला कुणी आलं नाही. अकराला ती रस्त्यापर्यंत जाऊन आली, साडेबाराला पुन्हा. दुपारी तिने दगडाबाईला हाताला धरून आणलं आणि लिंबाखाली बसवलं. म्हातारी म्हणाली, येणार न्हाईत ते, तू जा बाई फडावर. केसरबाईने तिसरी चक्कर मारली.

साडेचारला समिती नाही, नगरपंचायतीचा ओव्हरसिअर एकटा मोटारसायकलवर आला. त्याने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. दोरी बारा फूट ओली निघाली. त्याने पंचनामा लिहिला: विहीर बुजवलेली नाही, पाणी बारा फूट, वापर चालू. खाली हजर व्यक्तीचं नाव आणि हरकत क्रमांक असे दोन रकाने होते. नाव तिने सांगितलं, केसरबाई रामकिसन घुले. क्रमांक त्याने विचारला.

“न्हाई मला क्रमांक.”

“मंग नवऱ्याचा टाकू का, तेवीस?”

“नगं. त्यो गैरहजर हाय म्हणून लिवलंय तुमच्याच माणसानं. माझं मोकळं सोडा.”

ओव्हरसिअरने तो रकाना मोकळा सोडला. केसरबाईने सही केली. शुक्रवारी सकाळी ती फडाकडे निघाली.

२८ फेब्रुवारीला समितीने अहवाल दिला. त्यात सर्व हरकतदार गैरहजर असल्याने हरकती निकाली काढल्याची नोंद आहे. पंचनामा त्याच फाइलला जोडलेला आहे, मात्र अहवालात त्याचा उल्लेख नाही. नकाशा बदललेला नाही. विषय सर्वसाधारण सभेपुढे १२ मार्चला यायचा होता. १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सभा पुढे गेली.

केसरबाई दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गहिनीनाथांना फोन करते. १८ मार्चच्या फोनवर तिने दोनच गोष्टी विचारल्या, फाइल कुठे आहे आणि सभा कधी. फाइल साहेबांच्या टेबलावर होती. सभेची तारीख ठरलेली नव्हती. त्या दिवशी दगडाबाईने शेजाऱ्याकडून विहिरीत दोरी सोडून बघितली. पाणी साडेसात फूट होतं.