पाहुण्यांसाठी वाहनाची सोय

आमचं गाव वैनगंगेच्या दोन धारांच्या मधात. पावसाळ्यात डोंग्याशिवाय, म्हणजे लाकडी होडीशिवाय, गत नाही. माघात पाणी गुडघ्यावर आलं की सारं गाव धोतर खोचून, वहाणा हातात घेऊन चालत नदी पार करतं. पण पाहुण्यांचं तसं नाही. माझ्या वच्छलाला पाहायला निघालेली दोन स्थळं नदी बघून घाटावरूनच परत गेली होती. पोरगी घरात नटून बसलेली, आणि पाहुणे एस.टी.त.

म्हणून अठ्ठ्याहत्तर साली तुमसरच्या केशरबाई आपल्या जागेश्वरसाठी मुलगी पाहायला येणार म्हटल्यावर मी ठरवलं, या बाईच्या पायाला पाणी लागू द्यायचं नाही. पवनीच्या स्टँडवर श्यामरावाची रेंगी गादी घालून, बैल जुंपून उभी केली. घाटावर मंगरू ढिवराचे दोन डोंगे एकमेकांना बांधले, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर शाळेतली खुर्ची ठेवली. बायकोनं विचारलं, गुडघाभर पाण्यात डोंगा कायले? मी म्हणालो, तुला मोठ्या माणसांची रीत समजत नाही. मोठा माणूस म्हणजे अर्थात मी.

केशरबाई अंगानं भरलेल्या. त्या खुर्चीवर बसल्या, सोबतचे चौघे फळ्यांवर, आणि मी नवा टेरिकॉटचा सदरा घालून पुढं उभा. अर्ध्या नदीत डोंगे रेतीवर बसले. मंगरूनं बांबू लावून पाहिला, मग तो उतरला, मग मीही उतरलो. ढकलून ढकलून सदरा भिजला, पण डोंगे जागचे हलेनात. शेजारून गावातली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालत गेली, खुर्चीकडे बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीची स्थळं निदान काठावरून गेली. हे मी स्वतः आणून नदीत बुडवलं होतं.

तेवढ्यात गावाकडून वच्छला पाण्यात उतरली. बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही म्हणून मी तिला दहादा बजावलं होतं. नवं पातळ वर खोचलेलं, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कपांची टोपली. मी मानेनं नको नको करत होतो. ती आली आणि तिथंच चहा ओतू लागली.

आमच्याकडे मुलगी बघताना तिला चालून दाखवायला सांगतात, पायात काही खोट नाही ना ते पाहायला. केशरबाईंची नजर चहा पिताना तिच्या पायांवरच होती. 

त्यांनी कप ठेवला, वहाणा काढल्या, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात उतरल्या.

"चालून दाखवायचं काही राहिलं नाही आता," वच्छलाचा हात धरत त्या म्हणाल्या. "चल बाई, तुहं घर दाखव मले. इवाई येतील मांगून, त्याइचा डोंगा सुटला की."

इवाई, म्हणजे व्याही म्हणाल्या मला! सोयरीक झाली होती, नदीच्या मधात, माझ्या साऱ्या हुशारीला न जुमानता. बाकीचे पाहुणेही वहाणा घेऊन त्यांच्या मागं निघाले. मी रिकाम्या खुर्चीला धरून ढसाढसा रडलो. मंगरू म्हणाला, रडणं झालं असेल तर ढकला, आता हलका झाला डोंगा.