अकरा ऐकणारा टायमर

नेब्रास्कातल्या नेमबाजी क्लबसाठी नवा टायमर लोरीनला निवडायचा होता. शनिवारी त्याच टायमरवर संघ ठरणार होता. सात सेकंदांच्या आत बारा गोळ्या झाडणारेच संघात जाणार होते, आणि लोरीनही त्यात उतरणार होती. म्हाताऱ्या पंचानं, व्हर्ननं, गोळ्यांचे आवाज ऐकून शेवटच्या आवाजापर्यंतची वेळ दाखवणारे दोन टायमर एकदमच चालू केले. भोंगा वाजला आणि तिनं बारा गोळ्या झाडल्या.

"यावर सात पूर्णांक एक दशांश, बारा आवाज," व्हर्न म्हणाला. "त्यावर सहा पूर्णांक आठ दशांश, पण त्यानं अकराच ऐकले, शेवटचा सुटला. शनिवारच्या गडबडीत कोण मोजतंय? तो बहिरा तुझ्याच बाजूचा दिसतोय, पोरी."

"घरी नवरा बहिरा आहे तेवढा पुरे."

लोरीननं पहिलाच टायमर मागवायला सांगितला आणि पुन्हा बारा गोळ्या भरायला घेतल्या.