बाळंतिणीच्या दारातला लिंब

हलगीचा पहिला ठोका कानावर आला आणि धुरपताबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"आले मेले," ती म्हणाली, आणि भाकरी फडक्यात गुंडाळून उठली.

पालमपाशी गंगा दोन धारांत फुटते आणि मधे वाळूचं-खडकाचं एक बेट सोडते. बेटाच्या वरच्या टोकाला महादेवाचं देऊळ आणि एक लिंबाचं झाड. खालच्या टोकाला नुसती वाळू. त्या वाळूत पाखरांनी अंडी घातली होती. घरटं कसलं, टाचेनं केल्यासारखा खळगा. अंडंही वाळूच्याच रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसायचं नाही. पाखरं पांढरी, चोच पिवळीधमक, डोक्यावर काळं टोपडं. धुरपताबाईची धाकटी सून मनकर्णा त्यांना नदीसुरय म्हणायची. धुरपताबाई टोपडीवाल्या म्हणायची, आणि बेटावर तेच नाव चालायचं.

मनकर्णा परभणीला शिकलेली. तिथल्या पाखरं राखणाऱ्या मंडळीत तिनं नाव दिलं आणि होळी झाली तशी, पिल्लं उडेपर्यंत बेटावर राहायचं म्हणून निघाली. तरणी सून एकटी नदीत कशी राहील, म्हणून सासू सोबतीला आली. आली ती बोलतच आली. "जलम गेला माझा माळ्यावर बसून ज्वारीतली पाखरं हाकलण्यात. आता म्हातारपणी पाखरं राखायला लावलीस. ते बी फुकट." पण गोफण मात्र घरून आठवणीनं आणली होती. कावळा खळग्यांवर उतरला की तिचा खडा त्याच्या शेपटाशी जाऊन पडायचा. मनकर्णा खळग्यांभोवती गेरू लावलेले दगड मांडायची. म्हातारी झिऱ्याचं पाणी आणायची, चूल पेटवायची आणि दिवसभर आभाळाला शिव्या द्यायची.

आता अंडी फुटायला लागली होती. निम्मी पिल्लं बाहेर, निम्मी कवचात. आणि नेमका त्यातच सांबप्पाचा नवस आला.

सांबप्पा पालमचा किराणा दुकानदार. लेकाच्या लग्नाला किती वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. शेवटी तो महादेवाला बोलला, नातू दे, हलगी वाजवत, फटाके उडवत तुझ्या पायावर आणून घालीन. नातू झाला. वनखात्याचा माणूस येऊन सांबप्पाला समजावणार होता, पण नामांतराच्या बंदात एस.टी. जागेवर उभ्या होत्या. तो काही आज येत नव्हता.

"आत्याबाई, पाखरं उठली तर काय करायचं?" मनकर्णाचं तोंड सुकलं होतं. "वाळूवर पाय ठरंना. आई वरून उठली की अंडं शिजतंय. पिल्लाचंबी तेच."

"ठावं हाय मला. रडू नको. रडल्यानं कावळे पळत न्हाईत."

पालमकडच्या धारेत डोह होता, तिथं उन्हाळ्यातही होडी चालायची. चंद्रभान कोळ्याची होडी डोहाच्या मधोमध आली. पुढं दोघं हलगीवाले, मागं पाव्हणे, मधे सांबप्पाची बायको भागम्मा, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं पोर. सांबप्पानं उदबत्तीवर एक बॉम पेटवला आणि वर भिरकावला.

धाडकन आवाज झाला. सगळी वाळूच उडाली असं वाटलं. टोपडीवाल्या एका दमात वर गेल्या, किंचाळत डोक्यावर घिरट्या घालू लागल्या, आणि खाली पिल्लं उघडी पडली. लिंबावरचे कावळे वाटच बघत होते. धुरपताबाईनं गोफण फिरवली, एक पळाला. दुसरा चोचीत काहीतरी हलणारं घेऊन गेला. मनकर्णानं तोंडावर हात दाबला.

म्हातारी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "सांबप्पा! बंद करा ते!"

"का वो? बेट तुमच्या नावावर कवा झालं, धुरपताबाई?"

होडीत हसू फुटलं. होडीचं नाक वाळूला लागलं.

"देवाच्या आंगणात बाळंतपणं झालीत," ती म्हणाली. "सोयर हाय हितं. सोयरात वाजंत्री लावतेत का कुठं?"

बोलून तिला वाटलं, जिंकलं. सांबप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाला, "ते तुमच्यात, बाई. आमी लिंगायत. आमच्यात ना सोयर ना सुतक. देव गळ्यात असल्यावर इटाळ कशाचा?"

आता तर चंद्रभानही हसला. धुरपताबाईनं कपाळावर हात मारला. शेजारपाजार सगळा लिंगायतांचा, त्यांच्या लग्नात जेवून हाडं म्हातारी झाली, आणि ऐन वेळी ही गोष्ट विसरावी! वर पाखरं ओरडतच होती. सांबप्पानं पिशवीतनं दुसरा बॉम काढला आणि उदबत्तीवर फुंकर मारली.

ती वळली आणि पळाली. गुडघे कुरकुरत होते तरी पळाली. झोपडीवर सावलीला लिंबाची फांदी टाकलेली होती, कालचीच, अजून हिरवी. तिनं ती ओढून काढली, फरफटत आणली आणि होडीसमोर ओल्या वाळूत रोवली.

"आता हे काय नवीन?" सांबप्पा म्हणाला.

"डोळे हायत न्हवं? बघा."

भागम्मानं उतरायला एक पाय बाहेर टाकला होता. तिनं फांदी बघितली आणि पाय मागं घेतला. सोयर कुणी पाळो न पाळो, बाळंतिणीच्या दाराला लिंबाचा डहाळा सगळ्याच घरांत लागतो, आणि बाहेरून आलेलं माणूस त्याच्यापाशी थांबतं. भागम्माच्या दारावरचा डहाळा तर अजून वाळतच होता. तिनं वर बघितलं, वाळूकडं बघितलं. गेरूच्या दगडापाशी एक पिल्लू चोच वासून पडलं होतं.

"अवो, इझवा ती उदबत्ती."

"आगं पण..."

"सून बाळंत झाली तवा दारात बँड आणला होता तुमी. पोर दचकून दूध टाकायलं होतं. मी काय केलं होतं?"

"बँडवाल्यावर घागर ओतली होती," मागनं एक पाव्हणा म्हणाला.

"हितं तर गंगाच हाय," भागम्मा म्हणाली.

उदबत्ती पाण्यात गेली. पण सांबप्पा जागचा हलला नाही. त्याच्या आवाजातली मस्करी पार गेली होती. "भागे, नवस बोललोय मी. वाजवत आणीन म्हणलोय. उद्या ह्या लेकराला काय झालं तर?"

धुरपताबाईला तेव्हा कळलं, माणूस हट्टाला पेटलेला नाही, भ्यालाय. भ्यालेल्या माणसाला जीभ चालवून काही होत नाही.

तिनं आयुष्यात कधी बेल उचलून शपथ घेतली नव्हती. दिरानं बांध कोरला तेव्हा पंच म्हणाले होते, बेल उचल आणि बांध घे. तिनं बांध सोडला. माझा शब्द पुरत नसंल तर जमीन नको, म्हणाली होती. आज ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि भागम्माशेजारच्या पूजेच्या ताटातलं बेलाचं पान तिनं तळहातावर घेतलं.

"महादेवा, ह्यांचा नवस मी आडवला. कोपायचं तर माझ्यावर कोप. ह्या लेकरावर न्हाई." मग घाईनं म्हणाली, "माझ्या सुनेवर बी न्हाई."

सांबप्पानं तिच्या हाताकडं बघितलं. ही बाई बेल उचलते म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं मान हलवली. हलगीवाल्यांनी हलग्या काखेत मारल्या.

मंडळी वरच्या कडेनं, खडकावरनं, एकामागं एक देवळाकडं गेली. कुणी खोकलंही नाही. धुरपताबाई मागं बघत बघत चालली. आधी एक टोपडीवाली उतरली, पंख न मिटता तशीच उभी राहिली. मग दुसरी. मग वाळू परत पांढरी होत गेली.

गाभाऱ्यात सांबप्पानं पिंडीवरचं गार पाणी नातवाच्या कपाळाला लावलं, आणि पोरानं असा टाहो फोडला की देऊळ घुमलं.

"घ्या," धुरपताबाई दारातनं म्हणाली. "वाजवतच आणलं की."

भागम्मा पदरात हसली. सांबप्पा हसला नाही, पण धरून ठेवलेला श्वास त्यानं सोडला.

होडी गेली तशी मनकर्णा वाकून वाकून खळगे बघू लागली. काही रिकामे होते. एका अंड्यापाशी ती बराच वेळ बसली. "ह्यात काही न्हाई आता, आत्याबाई."

"बाकीच्यांत हाय. ऊठ."

तेवढ्यात एक कावळा येऊन त्या रोवलेल्या लिंबाच्या फांदीवर बसला, पाव्हण्यासारखा ऐटीत. धुरपताबाईनं वाकून खडा उचलला आणि गोफणीत घातला.